न खणता पाहिलेली मुळे

चैत्र लागतो तेव्हा मराठवाड्याची जमीन वर्षातील सर्वांत कोरड्या अवस्थेला पोचलेली असते. शेवटचा चांगला पाऊस होऊन पाच-सहा महिने लोटलेले असतात, काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि आडाच्या दोराला आणखी एक गाठ मारून तो लांबवावा लागलेला असतो. नेमक्या ह्याच दिवसांत कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी येते, पिंपळ नवा होतो, आणि पळस तर फुलून गेल्यावर सावकाश पाने काढू लागतो. मृगाचा पाऊस पडल्यावर झाडे पालवली असती तर त्यात नवल नव्हते. परंतु पावसाला दोन-अडीच महिने अवकाश असताना एवढ्या पानांना पुरेल इतके पाणी ही झाडे आणतात कोठून? आपण ह्याला चैत्रपालवी म्हणतो आणि पुढे जातो. नाव दिले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, त्यातला हा प्रकार आहे.

शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला नाही. स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्खर्ट ह्या तिघांनी २००६ साली लिहिलेल्या एका निबंधात कोरड्या ऋतूतील ह्या पालवीला आशियातील मोसमी वनांचा विरोधाभास असेच म्हटले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: वसंतसंपातानंतर दिवस मोठा होऊ लागतो, ती झाडाला मिळालेली सूचना होय, आणि पालवीला लागणारे पाणी मागील पावसाळ्यात जमिनीच्या खालच्या थरांत मुरून राहिलेले असते. म्हणजे वरची जमीन कोरडी म्हणून झाड कोरडे, हा आपला समज चुकीचा. झाडाचा हिशेब खालच्या खात्यावर चालतो.

पण हे खालचे खाते पाहावे कसे? विहिरीत डोकवावे, तसे मुळांत डोकावता येत नाही. मूळ पाहावयाचे तर खणावे लागते, खणले की मूळ तुटते, आणि तुटलेले मूळ पाणी पीत नाही. ज्याचा अभ्यास करावयाचा ते अभ्यासाच्या पहिल्याच टप्प्यात मारावयाचे, अशी ही अडचण आहे. झाडाला न मारता त्याच्या मुळांचा ठाव घेण्याची खटपट माणसाने कशी केली, हा आजचा विषय. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांना ह्या इतिहासाचे काय प्रयोजन, तेही ओघात येईल.

ह्या खटपटीचा एक जुना धागा आपल्याच देशात सापडतो. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचे एक प्रकरण आहे. भूमीतील पाण्याच्या शिरा कशा ओळखाव्या, हा त्याचा विषय. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिण बाजूस दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागेल, ह्या धर्तीची विधाने त्यात ओळीने येतात. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. वेत, जांभूळ, उंबर अशी एकेक झाडे घेऊन, कोणत्या दिशेला किती हातांवर आणि किती खोल पाणी, ते त्याने सांगितले आहे. वर झाड दिसते, त्यावरून खालचे पाणी ओळखावयाचे, कुदळ शेवटी.

आमच्या मते ह्या प्रकरणातील आकडे जसेच्या तसे घेण्यात अर्थ नाही. माळव्याची भुई वेगळी आणि आपली वेगळी. परंतु त्यामागची नजर खोटी नव्हे. पाण्याची ओढ असलेले झाड हे पाण्याचे चिन्ह आहे, आणि वाळवीलाही वारूळ बांधावयास ओल लागते. आजही मराठवाड्यात विहिरीची जागा पाहावयास पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवतो किंवा दोन फाटे असलेली काठी धरून रानातून फिरतो. नारळ उभा राहतो की नाही ह्यावर आमचा विश्वास नाही. मात्र चांगला पाणाड्या नारळ हातात घेण्यापूर्वी रानातील उंबर आणि बांधावरची हिरवळ पाहून घेतो, आणि तेवढ्यापुरता तो वराहमिहिराचा वारस ठरतो.

आता आपल्या भुईकडे वळू. लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या लाव्हा-खडकावर वसलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचे ३३८ मीटर हाच पाषाण निघाला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. नांदेडच्या आग्नेयेस देगलूर-बिलोलीकडे गेले की हा काळा पाषाण संपत जातो आणि खालचा खडक आपसूक उघडा पडतो. तेथील गोल गुळगुळीत धोंड्यांच्या टेकड्या बसमधूनही दिसतात. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड आणि मग अखंड कातळ, अशी साधारण रचना असते. काळ्या मातीत पाणी खूप मावते, पण ती ते सहजी सोडत नाही. मुरमात आणि भेगांत मावते कमी, पण मुळाला मिळते लवकर. झाडाची खरी शहाणीव हीच की कोणत्या महिन्यात कोणत्या थराकडे हात पसरावयाचा. जुन्या बारवेच्या किंवा आडाच्या भिंतीतून पिंपळाचे मूळ दगडाच्या चिरेतून बाहेर येऊन पुन्हा खालच्या चिरेत शिरलेले पुष्कळांनी पाहिले असेल. न खणता मुळे दाखविणारी एवढी एकच खिडकी आपल्या गावांत होती, आणि तीही बांधकामाला धोका म्हणून आपण तोडून टाकीत आलो.

युरोपात ह्या विषयाला मोजमापाची शिस्त लावली ती स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याचा ग्रंथ १७२७ साली निघाला. त्याने कुंडीत एक सूर्यफुलाचे झाड घेतले, कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तागडीत घातली. पत्र्यातून वाफ जात नाही. तेव्हा वजन जेवढे घटले तेवढे पाणी पानांतून उडाले. झाडाचे एक पानही न तोडता त्याचा दिवसाचा खर्च कळला! विज्ञानातील कित्येक मोठ्या गोष्टी किराणा दुकानातील साधनांनी झालेल्या आहेत, त्यांपैकी ही एक. परंतु मुळांकडे येताच हेल्सचाही नाइलाज झाला. मुळांचा विस्तार मोजण्यासाठी त्याने झाड उपटलेच, आणि नाशपातीच्या मुळाची ओढ पाहण्यासाठी ते मूळ कापून काचेच्या नळीत बसविले.

पुढे दोनशे वर्षे मुळांचे ज्ञान बहुतांशी कुदळीनेच मिळविले गेले. आपल्याकडील शमीचे एक मूळ १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ठेवले होते. त्याची लांबी ८६ फूट भरली आणि त्यातील ६४ फूट ते सरळ खाली गेलेले होते, अशी नोंद आहे. दसऱ्याला आपण ज्या झाडाला नमस्कार करतो ते सहा-सात मजली इमारतीएवढे जमिनीखाली असू शकते. पण एवढे मूळ अखंड काढावयास किती खणावे लागले असेल, आणि ते झाड पुढे जगले असेल काय, ह्याचा विचार प्रदर्शन पाहणाऱ्यांनी क्वचितच केला असेल.

कुदळीच्या युगातील सर्वांत हुशार माणूस म्हणजे अल्बर्ट हॉवर्ड. इंदूर पद्धतीच्या खतामुळे हे नाव आपल्या शेतकऱ्यांना परिचित आहे. इंदूरला येण्यापूर्वी बिहारमधील पुसा येथे असताना त्याने आंबा, पेरू, सीताफळ इत्यादी फळझाडांच्या कडेने चर खणले आणि पाण्याच्या बारीक फवाऱ्याने माती धुऊन मुळे जशी होती तशी उघडी केली. वर्षभरात निरनिराळ्या वेळी असे पाहिल्यावर त्याला एक गोष्ट कळली. झाडाला मुळांच्या दोन फौजा असतात. पावसाळ्यात वरच्या थरातील बारीक मुळे जागी होऊन कामाला लागतात. उन्हाळ्यात त्या थरातील काम मंदावते आणि भार खोल गेलेल्या मुळांवर पडतो. १९२५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा ह्यासंबंधी निबंध आला. चैत्रपालवीचे अर्धे उत्तर ह्या चरांत पडलेले होते. अर्धेच म्हणावयाचे, कारण मूळ कोठे आहे हे डोळ्यांनी दिसले. ते त्या घटकेला पाणी किती ओढते आहे, हे दिसत नव्हते.

ह्याच सुमारास कलकत्त्यात एक माणूस अगदी उलट्या वाटेने चालला होता. जगदीशचंद्र बोस ह्यांना झाड कापून पाहण्यात रस नव्हता. जिवंत झाडाने स्वतःची हकीकत स्वतः लिहावी, असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या क्रेस्कोग्राफ यंत्राने झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी होऊन काचेवर उमटे. फरीदपूर येथे एक कललेले खजुरीचे झाड होते. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते मस्तक जमिनीला टेकी आणि सकाळी पुन्हा उठे. लोक तेथे दर्शनाला येत. बोसांनी त्या झाडाला यंत्र जोडून रात्रंदिवस नोंद घेतली आणि दाखवून दिले की ते तापमानाप्रमाणे हलते. घंटेशी त्याचा काही संबंध नव्हता, एवढेच. झाडाला इजा झाली नाही, आणि दर्शन घेणाऱ्यांनाही कोणी अडविले नाही.

१९२३ साली बोसांनी झाडातील रसाच्या चढण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विजेची बारीक सुई खोडात किंचित किंचित आत सरकवीत त्यांनी असा निष्कर्ष काढला की सालीच्या आतल्या थरातील पेशी हृदयाप्रमाणे स्पंदन पावून रस वर ढकलतात. येथे आपल्याला अभिमान बाजूला ठेवून बोलले पाहिजे. हे मत टिकले नाही. डब्लिनचे डिक्सन व जोली ह्यांनी १८९४ साली मांडलेला विचार, की पानांतून पाणी उडाल्याने वरून ओढ बसते आणि पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर खेचला जातो, तोच पुढे मान्य झाला; १९६५ मध्ये शोलांडर ह्यांच्या दाबयंत्राने त्या ओढीची मोजदाद करून दिली. परंतु सिद्धांत पडला म्हणून पद्धत पडत नाही. आज जगातील वनांत झाडांच्या खोडांना बांधलेली जी यंत्रे दिवसरात्र नोंदी करतात, त्यांच्या पूर्वजांत बोसांच्या त्या काचेच्या पट्ट्यांना मानाचे स्थान दिले पाहिजे.

त्यापैकी महत्त्वाचे यंत्र जर्मनीतील ब्रुनो ह्यूबर ह्यांच्या कल्पनेतून निघाले. १९३२ साली त्यांनी खोडाला एका जागी क्षणभर ऊब दिली आणि ती ऊब रसाबरोबर वाहत वरच्या तापमापकापर्यंत पोचावयास किती वेळ लागतो ते मोजले. ओढ्यात पान सोडून त्याचा वेग पाहावा, तसाच हा प्रकार. १९८५ मध्ये फ्रान्सच्या ग्रानिए ह्यांनी तो इतका सोपा केला की बोटाच्या दोन पेरांएवढ्या दोन सुया पुरू लागल्या. सुईएवढे भोक पडते, हे खरे. झाडाला ते काट्याएवढेच जाणवत असावे. अशा सुया मुळांतही बसविता येतात, आणि मग कोणते मूळ कोणत्या महिन्यात कामावर आहे, ते हजेरीपटासारखे समजते.

दुसरी युक्ती आम्हांला सर्वांत सुंदर वाटते. पाण्यात साध्या हायड्रोजन-ऑक्सिजनबरोबर किंचित जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजनही असतात. वरच्या जमिनीतील पाणी उन्हाने उडू लागले की हलके पाणी आधी जाते आणि जड मागे राहते. खोलवरच्या पाण्याला ऊन लागत नाही. मूळ पाणी पिताना, निदान बहुतेक झाडांत, ह्यात फेरफार करीत नाही. म्हणून करंगळीएवढी काडी तोडून तिच्यातील पाणी तपासले की झाड आज वरचे पाणी पीत आहे की खालचे, हे कळते. ह्या पद्धतीने १९९१ मध्ये डॉसन आणि एहलेरिंगर ह्यांनी अमेरिकेतील एका ओढ्याच्या काठची मोठी झाडे तपासली. ती ओढ्यात जवळजवळ पाय बुडवून उभी होती आणि पाणी मात्र खोल जमिनीतले पीत होती! ओढा आटला तरी आपले चालावे, अशी तजवीज त्यांनी करून ठेवलेली होती.

रडारची गोष्ट लवकर सांगून टाकू. १९९९ साली चेक देशातील संशोधकांनी जमिनीत रेडिओलहरी सोडून ओकच्या मुळांचा नकाशा काढला. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी हे यंत्र वापरले जाते. वाळूच्या आणि सुट्या मातीच्या प्रदेशात ते उपयोगी पडते. परंतु चिकण मातीत, त्यातून ती ओली असेल तर, लहरी वरच्या वरच गिळल्या जातात, आणि आपली काळी माती म्हणजे चिकण मातीचा अर्क! तेव्हा परदेशी नियतकालिकांतील सुबक चित्रे पाहून कोणी असले यंत्र लातूरच्या रानात आणू म्हणेल, तर आधी देगलूरच्या मुरमाड जमिनीत ते चालवून पाहावे, असा आमचा सल्ला राहील.

महाराष्ट्रात झाडाला न मारता त्याचा इतिहास वाचण्याचे काम पुण्यात झाले. झाडांच्या वाढीची वर्तुळे मोजावयास झाड आडवे करावे लागते, असा अनेकांचा समज असतो. पण पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी काडी काढली तरी वर्तुळे मिळतात आणि झाड उभे राहते. भारतीय झाडांच्या वर्तुळांचा पाया डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत के. ए. चौधरी ह्यांनी १९३९-४० च्या सुमारास घातला. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत पुढे पंत, बोरगावकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सागाची वर्तुळे लावून मागील पावसाचा माग काढला. २००८ मध्ये त्यांच्याकडील मंडळींनी मध्य भारतातील सागासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. पावसाळा चांगला तर वर्तुळ रुंद, ओल अपुरी तर अरुंद. आमच्या किनवट-माहूरकडेही साग आहे. १९५६ पर्यंत हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडकडे आला. साग, धावडा, सालई, तेंदू, मोह अशा त्या पानझडी वनात मराठवाड्यातील दुष्काळांची नोंदवही उभी आहे. ती सरकारी दप्तरापेक्षा प्रामाणिक असण्याचा संभव आहे.

आता ज्या अभ्यासासाठी आम्ही हा सारा प्रवास केला, तेथे येऊ. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलई येथे बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे रामन सुकुमार ह्यांनी १९८८ मध्ये पन्नास हेक्टर वन आखून घेतले. त्यातील प्रत्येक झाडाला क्रमांक, ठरावीक काळाने खोडाचा घेर, आणि कोण मेले त्याची नोंद. एवढेच काम, पण वर्षानुवर्षे. तेथेही ऐन, धावडा, साग ही आपल्या ओळखीची मंडळी आहेत. २०१८ मध्ये रुतुजा चित्रा-तरक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या नोंदी आणि जमिनीतील पाण्याचा हिशेब एकत्र मांडून, एकही मूळ न उकरता, कोणती जात किती खोलीवरचे पाणी पिते त्याचा अंदाज काढला. जमिनीच्या ज्या थरातील ओल कमीजास्त होईल तसे झाडाचे वाढणे कमीजास्त होत असेल, त्या थरात त्याचे तोंड, असा हा तर्क.

निष्कर्ष मात्र अनपेक्षित निघाला. खोल मुळांची झाडे दुष्काळात तगतात असे आपण धरून चालतो. एखाद-दुसऱ्या वाईट वर्षापुरते ते खरे आहे. पण तेथे दुष्काळ लागोपाठ काही वर्षे लांबला, तेव्हा खोल पाणी पिणाऱ्या जातींनाच मोठा फटका बसला. कारण असे की वरचा थर थोड्या पावसानेही भिजतो आणि उथळ मुळांची झाडे दरवर्षी थोडीफार सावरतात. खोल थरापर्यंत पाणी पोचावयास एखादे भरघोस वर्ष यावे लागते. ते आले नाही तर खालची शिल्लक खर्ची पडत जाते आणि भरणा होत नाही.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे जंगल राहिले नाही, लातूर आले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर घेऊन पोचली. तो दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन वर्षे अपुऱ्या पावसाची होती, विहिरी आटल्यावर गावोगाव बोअर पाडले गेले होते, आणि प्रत्येक नवे बोअर शेजारच्यापेक्षा खोल जात होते. खोल मुळाच्या झाडाने जे केले तेच माणसाने केले. फरक एवढाच की झाडाला खालचा थर पुन्हा भरेपर्यंत पाने गाळून स्वस्थ बसता येते.

त्याच वर्षी, १ जुलै २०१६ ला, राज्यात एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला आणि तो वाढत २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर गेला. आमचा त्याला विरोध नाही. ज्या लातूर जिल्ह्यात शेकडा एक एवढेही वन नाही, तेथे लावाल ती झाडे थोडीच. पण रोपे मोजताना डोकी मोजली गेली, पाय मोजले गेले नाहीत. पिशवीत वाढविलेल्या रोपाचे मुख्य मूळ तळाशी पोचून गोल वळते. ते तसेच खड्ड्यात गेले तर मुरमापर्यंत सरळ जावयास त्याला फार जड जाते. आणि कोणत्या जातीचे मूळ आपल्या पाषाणात चैत्रात कोणत्या थरातले पाणी पिते, हे जोवर मोजलेले नाही, तोवर बांधावर काय लावावे आणि विहिरीजवळ काय लावू नये, ह्याचे उत्तर अंदाजाचेच राहणार.

मोजावयाला फार काही लागत नाही. खोडाभोवती पोलादी पट्टी आणि एक स्प्रिंग बांधली की झाडाचा घेर दिवसा किती आकसतो आणि रात्री किती फुगतो, ते दिसते. दिवसा पानांतून पाणी जास्त उडते म्हणून खोड केसभर बारीक होते. रात्री मुळांकडून भरपाई झाली की पुन्हा मूळपदावर येते. रात्रीची ही भरपाई ज्या महिन्यात पुरी होईनाशी होते, तो महिना त्या झाडाच्या खालच्या थरात पाणी संपत आल्याचा. कॉलेजातील मुलांनी किनवटच्या धावड्याला, औशाकडच्या एखाद्या कडुनिंबाला आणि देगलूरच्या धोंड्यांतील पिंपळाला अशा पट्ट्या बांधून पौषापासून ज्येष्ठापर्यंत पहाटे आणि दुपारी आकडे टिपले, तर तीन तऱ्हेच्या भुईवरची तीन उत्तरे हाती येतील. बारवेच्या भिंतीतील मुळे तोडण्यापूर्वी त्यांची खोली आणि झाडाचे नाव लिहून ठेवणे हे तर आणखी सोपे. त्याला पट्टीही लागत नाही, एक दोर आणि वही पुरते.